चाल नसलेलं गाणं

गाण्याला कविता म्हणायला मी कधीच तयार नव्हतो बघा. सौदीत राबिघच्या रस्त्यावर, कोकणातल्या जाखडी नाचाची गाणी रचणाऱ्या आमच्या दिनू फिटरला मी गाडीत तेच ऐकवत होतो, "चाल काढली की तुझ्या गाण्यात उरतं काय?"

तेवढ्यात वाळूचं वादळ आलं. बॉनेटसुद्धा दिसेना. गाडी कडेला घेतली, तर मागून ट्रेलर अगदी अंगावर आल्यासारखे घोंघावत जात होते. मी डोळे गच्च मिटून ओरडलो,

"दिन्या, गा रे काहीतरी!"

धुळीने त्याचा घसा बसलेला. तो नुसतेच शब्द बोलू लागला, "खाडीवर आई दिवा घेऊन उभी, होडी येईल, होडी येईल..."

त्याचा दंड घट्ट धरून मी ऐकत राहिलो.

वादळ ओसरलं. दिनू खोकत म्हणाला, "शेट, चाल तर नव्हती. मग उरलं काय?"

म्हटलं, "मी उरलो, बाबा!"