एक पाटी, अकरा घरं

खोटी हजेरी? — असंच म्हणालात ना? परत म्हणा. मास्तर कल्याणला खडू आणायला गेलेत म्हणून माझ्यापुढे म्हणवतंय तुम्हाला. मी कोण? मी गुणाजी. या शाळेत घंटा देतो, पाणी भरतो. पानं चाळू नका, तुमच्या कागदावर माझं नाव सापडायचं नाही. शिकलोय दुसरी. पण साहेब, टिटवाळ्याला उतरून दोन कोस चिखल तुडवत आलात, ते सातवीच्या अकरा पोरांचे सव्वीस दिवस कापायला — मग दिवस भरत नाहीत म्हणून त्यांना फायनलला बसू द्यायचं नाही — एवढं कळायला दुसरी पुष्कळ झाली.

शाळा बंद होती, होय. तुमच्याच कचेरीचा हुकूम. आषाढात मुंबईहून फ्लू आला आणि तुमचा कागद आला — पोरं जमवू नका. बरं. नाही जमवली. पण शिकवू नका असं कुठं लिहिलंय? दाखवा की बोट ठेवून. — नाही ना? आणि ताप तरी कसला हो तो! मानमोडीची साथ पाहिलीये मी. एका दिवसात सात जणांना खांदा दिलाय. हा तुमचा फ्लू म्हणजे तीन दिवस कण्हायचं आणि चौथ्या दिवशी भाकर मागायची. शहरात कुणी शिंकलं की इथं शाळेला कुलूप!

शाळा बंद होणं म्हणजे काय ते मला विचारा. प्लेगात गाव माळावर राहायला गेलं, मास्तर आपल्या गावी गेले. जाताना म्हणाले, "महिन्याभरात येतो रे पोरांनो." अजून यायचेत. मी अजून दुसरीतच बसलोय.

म्हणून सुधीर मास्तरांना म्हटलं, पोरं येत नाहीत तर पाटी जाईल. पोरगेलासा माणूस, पण अंगात पाणी आहे. म्हणाले, "गुणाजीबाबा, तुमच्या पायांना झेपेल?" मी म्हटलं, पाय माझे आहेत, तुम्ही तुमची गणितं बघा. — एक मोठी पाटी. एका बाजूला मास्तर तीन गणितं घालायचे. इरल्याखाली धरून मी निघायचो, पावसात अक्षर पुसायला नको. घरी गेलो की मी ओट्यावर, पोर समोर. पोरानं गणितं मागच्या बाजूला सोडवायची. उत्तरांची चिठ्ठी माझ्या टोपीत. — हसा. आकडे ओळखता येतात मला. सातवीची गणितं दुसरीवाल्यानं तपासली, तुमच्या कचेरीत सांगा हे. जुळलं की बोरूनं चिठ्ठीवर खूण — त्याच खुणांवरून मास्तरांनी हजेरी मांडली — आणि चला पुढं. नक्कल नाही हं — आपल्या हातानं लिहिलेलं आपणच पुसायचं, मगच पाटी उंबऱ्याबाहेर. माझा दंडक. पोरं कशानं पुसणार? थुंकीनं. दौलतची आई हौसाबाई, शहाणी मोठी, म्हणते, "बाबा, ओलं फडकं देते, त्यानं पुसू दे." मी म्हटलं, आम्ही जन्मभर थुंकीनं पुसली, मेलो का?

काय? क्रम? — घरांचा क्रम कशाला हवा? बरं, लिहा. पडताळा घ्यायचाय ना, घ्या. वरच्या आळीपासून. पहिला काळुराम. मग दौलत. मग ओढ्याकडेची गोदा — हुशार आहे पोरगी, चिठ्ठीतलं उत्तर चुकलंय म्हणून भांडली माझ्याशी, आणि चुकलंच होतं. तिला बाप म्हणतो, फायनल झाली तर पुढं शिकवीन, नाहीतर या वर्षी लगीन उजवून टाकीन. तिचे दिवस कापताय तुम्ही. मग पुढची आठ घरं, आणि शेवटी माझं. पाटी रात्री माझ्याकडं. रखमाबाई — आमची बायको — पाटी म्हणजे सरस्वती म्हणून ती पदरानं पुसायची, कपाळाला लावायची, मग कोनाड्यात.

थांबलात का? लिहा की. — तो खालचा कागद कसला? दवाखान्याचा? इकडं करा. तारखा येतात मला वाचायला... काळुराम, पाच. त्याचा मामा मुंबईहून आला होता, त्यानं आणला. दौलत, सात. गोदा, आठ. नऊ... नऊ... अकरा... हे काय, माझीच फेरी उतरवलीय कुणी तरी — वरची आळी, ओढा, खालची आळी —

नको. शेवटचं नाव वाचून दाखवू नका. ते मला येतं.

तीन दिवस, म्हटलं होतं मी तिला. चौथ्या दिवशी भाकर मागशील.

...

पाणी नको. बसा खाली. खाली बसा म्हणतो ना! पोरं तगली सगळी, अकराच्या अकरा. हां — आता टाक उचला आणि मी सांगतो तसं लिहा. गुणाजीनं घरोघर पाटी फिरवली, पाटीबरोबर ताप फिरवला. मास्तरांचं नाव घालायचं नाही. फडक्याचं हौसाबाईनं सांगितलं होतं, तेही लिहा. खाली अंगठा नाही, सही करीन. पण साहेब, पाटी त्या दारांत गेली असं एकदा लिहिलंत, की पोरं शिकली हेही लिहावं लागेल. पाटी ताप घेऊन गेली आणि गणितं घेऊन गेली नाही, असं नाही चालायचं. माझ्या घरात त्याची किंमत चुकती झालीय. सव्वीस दिवस. गोदापासून लिहायला घ्या.

लिहिलंत? द्या, सही करतो. — आता उठा. पोरांची सुट्टी व्हायचीय, मला घंटा द्यायचीय.