शाईचं तळं

डोळ्यांत थेंब घालून नर्सने शिंपीणबाईंना बाकावर बसवलं आणि बजावलं, "मी सांगेपर्यंत डोळे मिटूनच ठेवा." मिटल्या डोळ्यांना शेजारच्या दोघी जावा फक्त ऐकू येत होत्या. थोरलीचा आवाज खडा, धाकटीचा पेंगुळलेला.

"मामंजींच्या चादरीवर शाई सांडली होती, तो डाग गेला का गं?"

"कुठला! स्पिरिट लावून चांगला खसाखसा चोळला, जाऊबाई. होता बशीएवढा, झाला परातीएवढा."

"अगं, चोळतात का कधी? खाली जुनं फडकं घालायचं आणि कापसाने कडेकडून आत टिपत यायचं."

"मामंजी मात्र खूश. म्हणाले, तळ्याला पाणी वाढलं."

"कसलं तळं?"

"अंथरुणाला खिळल्यापासून पहिल्यांदाच हसले हो. सकाळी उठले की डागावर हात फिरवतात. म्हणतात, आज पाणी गार आहे."

"भ्रम गं तो. चादर बदलून टाक."

"काल गेले होते बदलायला. हात धरला माझा. म्हणाले, सूनबाई, थांब थोडं. ती पोहत निघाली आहे पलीकडून."

"ती कोण?"

"सासूबाई."

"त्यांना कुठं पोहता यायचं!"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, म्हणूनच तर वेळ लागतोय."

थोरलीचा खडा आवाज एकदम हळू झाला.

"मग चादर नीट ताणून ठेव. सुरकुती पडायला नको."

"मावशी, उघडा आता डोळे," नर्स म्हणाली.

"थांब गं जरा," शिंपीणबाई म्हणाल्या. "त्यांना काठाला लागू दे."