अक्काचं ताट अन् माझा पॉवर सप्लाय

मला कुनी हुशार म्हनलं की आमची अक्का तोंडाला पदर लावून हसती. कामून, ते ऐका.

मी घरीच पॉवर सप्लाय बनवलो. बटनं दाबून व्होल्ट ठरवायचे, अन् करंट लिमिटच्या वर जायला लागला की त्यानं सोताच व्होल्ट पाडायचे, म्हंजी काय जळत न्हाई. पण चालू केलं की त्याच्या पडद्यावर बारा व्होल्टच्या जागी शून्य, अन् लिमिटचा लाल दिवा. "काय जोडलंच न्हाई, तर लिमिट कसं लागायलंय?" म्हनत आठ दिस प्रोग्राम बदललो, दोन आयसी बदललो, पार्ट दिलेल्या चिटगुप्पा गावच्या दुकानदाराला शिव्या दिलो.

नवव्या दिवशी अक्का आली. "पाव्हने आलेत, माझं ताट दे."

स्क्रू हरवू नयेत म्हनून तिचं स्टीलचं ताट मी टेबलावर ठेवलो होतो. तिनं सगळं ओतून ताट उचललं, अन् पडद्यावर बारा व्होल्ट!

सप्लायच्या दोन्ही वायरींचे चिमटे आठ दिस त्या ताटातच पडले होते. ताटातनंच शॉर्ट, म्हनून लिमिट!

"झाली व्हय मशीन नीट?" अक्का म्हनली.

"मशीन पयल्यापासून नीटच होती, अक्का."

"मग आठ दिस बिघडलं होतं कोन?"