अकरा कुंड्या आणि माझी कात्री

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आपल्या नेत्र रुग्णालयातले सर्व सहकारी, सिस्टरांच्या घरून आलेली मंडळी आणि आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत त्या आपल्या मोठ्या सिस्टर,

मला पाच मिनिटं दिली आहेत. डॉक्टरच्या हाती माइक गेला की पाचाची पंधरा होतात, हे अध्यक्षांना अनुभवाने ठाऊक आहे. तरी प्रयत्न करतो.

सिस्टरांच्या शिस्तीबद्दल आधीचे वक्ते बोलले. मी बोलणार आहे प्रतीक्षागृहाच्या खिडकीतल्या त्यांच्या ऑर्किडबद्दल. पहिली कुंडी त्यांच्या धाकट्या बहिणीने दिलेली. ती बहीण आता नाही. पुढे काही झाडं देणगीदारांनी दिली, आणि रांग वाढत गेली.

एका वर्षी पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके दिसले. पिठ्या ढेकूण. सिस्टरांनी आजारी कुंड्या वेगळ्या खोलीत हलवल्या आणि दोन महिने, जेवणाच्या सुट्टीत, स्पिरिटच्या बोळ्याने पानन् पान पुसून काढलं. कीड हटली.

वर्षभराने पानांवर काळपट वलयं उठली. सिस्टरांनी पानं तपासणीला पाठवली, तर बहिणीच्या कुंडीसकट अकरा कुंड्यांत विषाणू निघाला. त्याला औषध नाही. एका झाडाचा रस दुसऱ्याला लागला की तो पसरतो, असं अहवालात लिहिलं होतं.

आता खरी गोष्ट सांगतो. पट्टी सुटलेल्या रुग्णाच्या हातात फूल द्यायची मला भारी हौस. कात्री उचलायची, या कुंडीतला दांडा काप, त्या कुंडीतला काप. ती कधी साधी पुसलीही नाही. सिस्टर केबिनमध्ये आल्या, दार लोटलं आणि हळूच विचारलं, "डॉक्टर, दोन रुग्णांच्या डोळ्यांना तुम्ही एकच ब्लेड लावाल का?"

बहिणीची कुंडी तरी वेगळी ठेवू या, एवढंच कसंबसं म्हणालो.

"तिची ठेवली तर बाकीची कशी वाचतील?" त्या म्हणाल्या.

त्या अकराही कुंड्या त्यांनी स्वतः पिशव्यांत बांधून टाकून दिल्या. बहिणीची सगळ्यात शेवटी.

देणगीदारांची झाडं का टाकली, असा पुढे कार्यकारी मंडळाने जाब विचारला. "देखभाल माझ्याकडे होती," एवढंच सिस्टर बोलल्या. त्यांना लेखी समज मिळाली. मी त्याच टेबलाशी चहा पीत बसलो होतो. या गोष्टीला सहा वर्षं झाली. सिस्टरांनी मला तिची नजरेनेही कधी आठवण करून दिली नाही, आणि मी ती कधी विसरलो नाही.

अध्यक्ष महोदय, तो समजेचा कागद अजून त्यांच्या फाइलमध्ये आहे. माझी चूक कबूल करणारं पत्र मी आज सकाळी आपल्या टेबलावर ठेवलंय. त्यांची फाइल बंद होण्याआधी ते वाचावं, ही विनंती.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलताना शब्द पुढेमागे झाला असेल, तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. सहा वर्षं गप्प बसलो, त्याची माफी मात्र, सिस्टर, मी तुमच्याकडेच मागतो.