राज्यपाल कितीनं पडला

राज्यपालाच्या खांद्यावर हात टाकणारा माणूस बघितलाय का कुणी? आमच्या घरात आहे. माझे सासरे, आबा.

सरपंचकीला तीन मतांनी पडल्यापासून आबा महिनाभर पारावर गेले नव्हते. तेवढ्यात आमची सांगोल्याची डाळिंबाची बाग बघायला मेक्सिकोतल्या एका राज्याचे राज्यपाल आले. साहेब बाजेवर बसले, आबा लांब हात जोडून उभे आणि दुभाषी मी.

"आबा, हे आधी महापौर होते. आता निवडून येऊन राज्यपाल झालेत."

आबांचे हात सुटले. "राज्यपालाला मतं मागावी लागत्यात व्हय? मग इचार त्यांस्नी, कधी पडलाय का."

मी भीत भीत इंग्रजीत विचारलं. साहेब हसले. "महापौरकीला पहिल्यांदा पडलो की."

"कितीनं?"

"अकरा मतांनी."

आबा सरळ त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि खांद्यावर हात टाकला. "भावकीनंच पाडलं असंल."

भावकीला इंग्रजीत काय म्हणणार? मी म्हटलं, तुमचे चुलतभाऊ वगैरे. साहेब ताठ झाले. "यांना कुणी सांगितलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच आबा पारावर. भेटेल त्याला एकच सांगत होते, "आपली भावकी पार मेक्सिकोपतूर हाय की."