तेजोमेघाचा रंग उतरवला तेव्हा

मुलगा बघायला पाहुणे आले की आपल्या कामाबद्दल फार बोलू नये, हे मला कोल्हारला आमच्याच ओसरीवर कळलं.

मुलीच्या आत्याबाईंनी विचारलं, "काम काय करता तुमी?"

"अवकाशातल्या दुर्बिणींचे फोटो लोकांना घरबसल्या बघता यावेत, अशी वेबसाइट बनवतो." मी लॅपटॉपवर एका तेजोमेघाचा, म्हणजे अवकाशातल्या वायू-धुळीच्या ढगाचा, फोटो उघडला. गुलाबी, निळा, सोनेरी!

"लई भारी! असंच दिसतं व्हय वर?"

इथं गप्प बसायचं ना! पण मी म्हणालो, "नाही हो. दुर्बिणीतून येतं ते काळंपांढरंच. रंग आम्ही भरतो." आणि बटण दाबून सगळा रंग उतरवून दाखवला.

आत्याबाईंनी मोबाईलमध्ये माझ्या बायोडाट्यातला गोरापान फोटो उघडला. एकदा फोटो बघितला, एकदा मला.

"जरा अंगणात उन्हात उभं ऱ्हावा."

राहिलो. त्यांनी तिथूनच भाचीला फोन लावला. "अगं, ह्याचा बी रंग उतरला. पर पोरगा खरं बोलतो. ठरवून टाकू का?"

ठरलं. हसताय काय? आमच्या लग्नाचा अल्बम काळापांढरा का आहे, हे तुम्हीच विचारलंत. आत्याबाईंनी रंग भरूच दिला नाही!