नवसाचं कासव

...आणि वर मलाच विचारते, "आजोबा, तुमची भाजी चालतेय का हो?" कोण म्हणजे काय, देवळाच्या दारावर पिशव्या तपासणारी ती पिवळ्या जाकिटातली फूबाई! म्हटलं, "ताजी आहे, म्हणून चालतेय! तुझ्यासारखी दारात उभी राहून सुकलेली नाही!"

हसू नका, चहा सांडेल. पिशवीत वर पालेभाजीची जुडी आणि खाली कासव. आता माझ्यासारखा माणूस, ज्यानं जन्मात उदबत्ती लावली नाही, तो कासव घेऊन देवळात कशाला तडमडेल? तुम्हाला सांगतो, मी बुद्धाला मानत नाही. बायकोला मानतो!

सूलानच्या डोळ्यात मोतीबिंदू. एकदा मिठाऐवजी साखर घालून टोफू केला, आणि मी तोंड वाकडं केलं तर तेही तिला दिसलं नाही! दोन दिवसांवर ऑपरेशन, आणि ही पलंगाला धरून बसली. "ए थेरड्या, देवळाच्या तळ्यात कासव सोडून ये. एक जीव सोडवल्याशिवाय मी त्या सुरीखाली डोळा द्यायची नाही!" म्हटलं, नदी जवळ आहे, नदीत सोडतो. "नदीत? काठावर गळ टाकून बसलेत मेले! सकाळी सोडलेलं संध्याकाळी बाजारात! देवळातच सोडायचं!" बरं, न सोडताच सोडलं म्हणून सांगावं, तर माझं खोटं तिला वासानं कळतं. डोळे लागतातच कुठं?

तर फूबाईनं जुडी उचलली. कासवानं मान बाहेर काढून तिच्याकडं बघितलं. असलं बावळट जनावर मी बघितलं नाही, जरा दम धरायचा की!

"आजोबा, बंदी आहे. तळं भरलंय. एकमेकांच्या पाठीवर चढून बसतात बिचारी. आणि हे तर परदेशी, कानामागं लाल पट्टा बघा!"

परदेशी? अहो, चेंगदूच्या बाजारात घेतलं, चेंगदूच्या नळाचं पाणी प्यायलं, रात्रभर माझ्या मोरीत खडखड करून मला झोपू दिलं नाही, आणि हे परदेशी? म्हटलं, "तुझा तो बुद्ध तरी इथला आहे का? तोही बाहेरूनच आला! त्याला हाकललंत का?"

झालं! रांगेतल्या पोरी खिदळायला लागल्या. तेवढ्यात एक म्हातारा भिक्षू आला, चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा शांत. म्हणाला, "बाबा, जीव वाचवायचा ना? मग घरी न्या, खायला घाला. पुण्य तेवढंच." म्हटलं, "महाराज, हे माझ्या बायकोला येऊन सांगता?" महाराजांनी हात जोडले आणि चालते झाले! बघा, बुद्धाची माणसंसुद्धा बायकांना मानतात!

पण मी हटणारा आहे का? फूबाईचं लक्ष दुसऱ्याच्या पिशवीत गेलं, मी आत! थेट तळ्यावर! कठड्यावरून हात खाली केला... डुबुक! सुटला एक जीव! पाठ वळवतो तर मागं फूबाई, हातात लांब दांड्याची जाळी!

"आजोबा, एक टाकलं की एक न्यायचं. नियम आहे." आणि जाळी घातली, ओढली, आणि तुम्हाला सांगतो... कढईएवढं! पाठीवर शेवाळ, नजर माझ्या सासऱ्यासारखी!

"हे माझं नाही! माझं बशीएवढं होतं!"

"कानामागं लाल पट्टा आहे ना? मग तुमचंच!"

मी भांडलो. कठडा धरून भांडलो. शेवटी पिशवी फाटली, जुडी तळ्यात पडली, ती बाकीच्या कासवांनी खाल्ली, आणि हे धूड छातीशी धरून मी बसमध्ये. ड्रायव्हर म्हणतो, "आजोबा, सूप का?" म्हटलं, "पुढं बघून चालव!"

घरी गेलो तो मनाशी म्हणत, संपलं, आता ही दवाखान्यात जात नाही. सूलाननं हात लावून चाचपलं. पाठ चाचपली, शेपूट चाचपलं. आणि एकदम तिच्या डोळ्यांत पाणी! "अगं बाई! सकाळी बशीएवढं होतं... तळ्याचं पाणी लागलं आणि केवढं झालं! बुद्धानं आशीर्वाद देऊन परत पाठवलं रे!"

मी खोटं बोललो का? नाही! मी बोललोच नाही! मी बुद्धाला मानत नाही, बायकोला मानतो; बायको म्हणते चमत्कार, तर चमत्कार!

सकाळी गाणं गुणगुणत दवाखान्यात गेली. डोळा लख्ख झाला. घरी पट्टी काढल्यावर आधी कासवाकडं बघून म्हणाली, "किती देखणं!" मग माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "तू असा कधी झालास?"

असो. ते धूड आता आमच्या न्हाणीत राहतं आणि मी अंघोळ कोपऱ्यात उभा राहून, त्याची परवानगी घेऊन करतो. काल म्हणाली, "पुढच्या महिन्यात दुसरा डोळा. नवस बोललेय. ह्या वेळी जरा मोठंच घे."

देवळात ती हजार डोळ्यांची क्वानयिन देवी उभी आहे ना, तिला काल पहिल्यांदा हात जोडले. म्हटलं, बाई, हजार डोळे म्हणजे हजार कासवं! उपकार झाले, तू लग्न केलं नाहीस.